लाल विटेचे दोन शेजारी: हॉलंड पार्क रोडवरची लेटन आणि प्रिन्सेप यांची घरं

पश्चिम लंडनमधल्या केन्सिंग्टन भागात हॉलंड पार्क रोड नावाचा एक आखूड रस्ता आहे. १८६४ ते १८६६ या दोनेक वर्षांत दोन चित्रकारांनी इथे एकमेकांना लागून दोन घरं बांधून घेतली. एक फ्रेडरिक लेटनचं, दुसरं व्हॅल प्रिन्सेपचं. लेटनचा वास्तुरचनाकार जॉर्ज एचिसन, प्रिन्सेपचा फिलिप वेब. जमीन एकाच इस्टेटीची, काळ एकच, मागणीही जवळपास एकच: उत्तरेचा उजेड असलेला मोठा स्टुडिओ आणि त्याच्याभोवती राहण्यापुरत्या खोल्या. दोन्ही घरं लाल विटेत बांधली गेली आणि तरीही त्यांचे चेहरे एकमेकांसारखे नाहीत.

व्हिक्टोरियन घर समजून घ्यायचं तर याहून चांगली जोडी मला माहीत नाही. एरवी दोन घरांची तुलना करताना काहीतरी आडवं येतंच. कधी पैसा वेगळा, कधी हवामान, कधी वापर. इथे बहुतेक गोष्टी सारख्या असल्यामुळे उरलेला फरक थेट रचनाकाराच्या विचाराचा आहे. आज मात्र यातलं लेटनचं घर 'लेटन हाउस' हे संग्रहालय म्हणून जगभर ओळखलं जातं आणि प्रिन्सेपच्या घरासमोरून लोक न बघता निघून जातात. वेबच्या घराकडे पाहिल्याशिवाय एचिसनचं घर कळत नाही, हे मला इथे दाखवायचं आहे.

जागा कुणाची, माणसं कोण

हॉलंड हाउस ही केन्सिंग्टनमधली जुनी हवेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्या भोवतीची जमीन बरीच मोकळी होती, पण लेडी हॉलंड यांना पैशाची चणचण होती आणि जमिनीचे तुकडे भाडेपट्ट्याने देणं हा त्यावरचा उपाय होता. याच इस्टेटीतलं लिट्ल हॉलंड हाउस हे घर थोबी प्रिन्सेप आणि त्यांची पत्नी सारा यांनी भाड्याने घेतलं होतं. थोबी हे कंपनी सरकारच्या बंगालमधल्या कारभारातले वरिष्ठ अधिकारी. सारा कलकत्त्याच्या पॅटल कुटुंबातल्या, आणि छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही त्यांची सख्खी बहीण. चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या घरात पाहुणा म्हणून आला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. रविवारी दुपारी कवी, चित्रकार, राजकारणी यांची तिथे ये-जा असे.

व्हॅल प्रिन्सेप हा या दांपत्याचा मुलगा, जन्म कलकत्त्याचा, १८३८ चा. त्याचे काका जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. अशोकाचे शिलालेख वाचता आले ते त्यामुळे, आणि आपल्याकडचे कार्ले, नाशिक, नाणेघाट इथले लेख वाचण्याची वाटही त्याच कामातून मोकळी झाली. व्हॅल चित्रकलेकडे वळला. १८५७ मध्ये ऑक्सफर्डच्या युनियन इमारतीत चित्रकार-कवी रोझेटीच्या पुढाकाराने भिंतीचित्रं काढली गेली तेव्हा हाताखाली जी तरुण मंडळी होती त्यांत पुढे नक्षीकामासाठी गाजलेला विल्यम मॉरिस होता आणि व्हॅलही होता. मॉरिसचा मित्र फिलिप वेब त्याच वर्तुळातला. त्यामुळे स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा व्हॅलने वेबला बोलावलं यात आश्चर्य नाही.

लेटनची वाट निराळी. तो युरोपभर शिकलेला, रोममध्ये राहिलेला. तिथेच त्याची एचिसनशी मैत्री झाली. एचिसनच्या घराण्याचा व्यवसाय गोदी आणि गोदामांच्या बांधकामाचा. लंडनच्या मार्क लेनमध्ये १८६४ साली त्याने उभारलेली कचेरीची इमारत आतून लोखंडी सांगाड्यावर उभी होती. घरबांधणीत नाव कमावलेला माणूस तो नव्हता. नावाजलेल्या कुणाला न बोलावता लेटनने आपल्या मित्रावर भरवसा टाकला आणि पुढची तीस वर्षं या घरातलं जवळजवळ प्रत्येक काम त्याच्याकडेच दिलं. एक मालक, एक रचनाकार आणि तीस वर्षांचं चालू संभाषण अशी उदाहरणं घरबांधणीच्या इतिहासात फार थोडी सापडतात.

लाल वीट का

आज लंडन म्हटलं की लाल वीट डोळ्यांसमोर येते. १८६० च्या दशकात तसं नव्हतं. लंडनची नेहमीची वीट पिवळट-करडी. तिथल्या मातीत चुनखडी मिसळली जाई आणि भाजल्यावर लोहाचा लाल रंग मारला जाऊन वीट पिवळी निघे. कोळशाच्या काजळीने ती लवकरच काळवंडे. श्रीमंत वस्त्यांत ही वीटसुद्धा दिसत नसे. तिच्यावर गिलावा चढवून, त्यावर दगडाच्या सांध्यांसारख्या रेघा मारून, वरून फिका रंग दिला जाई. केन्सिंग्टन आणि बेलग्रेव्हियात अशा घरांच्या रांगाच्या रांगा आजही आहेत.

या खोट्या दगडाविरुद्ध वास्तुरचनाकार प्युजिन आणि कलासमीक्षक रस्किन यांनी बरंच लिहिलं होतं. जे बांधलंय ते दिसावं, असा तो आग्रह. १७८४ पासून विटेवर असलेला कर १८५० मध्ये उठला, त्यामुळे वीट स्वस्तही झाली. वेबने १८५९–६० मध्ये मॉरिससाठी लंडनबाहेर बांधलेलं रेड हाउस हे या विचाराचं पहिलं ठळक रूप. लाल वीट, लाल कौलं, गिलावा नाही आणि घराचं नावही त्या रंगावरूनच.

शहरात मात्र ही वीट सहजासहजी चालत नव्हती. हॉलंड पार्कपासून जवळच, पॅलेस ग्रीनवर वेबने जॉर्ज हॉवर्डसाठी १८६० च्या दशकाच्या अखेरीस घर आखलं. जमीन राजघराण्याची, म्हणून आराखडा मंजूर करून घ्यावा लागे. तिथल्या अधिकृत वास्तुरचनाकाराने हरकत घेतली. दगडाची सजावट फार कमी आहे आणि एवढी उघडी लाल वीट या जागेला शोभणार नाही, असं त्याचं म्हणणं. आणखी दोन ज्येष्ठ रचनाकारांचं मत मागवलं गेलं, तेही त्याच्याच बाजूचं निघालं. वेब अडून राहिला. अखेरीस थोडा दगड वाढवून काम पुढे सरकलं. हा किस्सा इथे सांगितला कारण त्यातून कळतं की १८६४ मध्ये लाल विटेचं घर बांधणं म्हणजे जाहीर भूमिका घेणं होतं. हॉलंड पार्क रोडवर ती भूमिका दोन शेजाऱ्यांनी एकाच वेळी घेतली, पण दोघांच्या कारणांत फरक होता.

वेबचं घर: आत जे, तेच बाहेर

प्रिन्सेपच्या घराला चेहरा असा नाहीच. म्हणजे मधोमध दरवाजा, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, वर कांगणी म्हणजे भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेली कड, असा समतोल दर्शनी भाग वेबने आखलेला नाही. तीव्र उताराची कौलारू छपरं, त्यांचे त्रिकोणी माथे, उंच धुराडी आणि लहानमोठ्या खिडक्या. प्रत्येक खिडकी मागच्या खोलीला हवी तेवढी आणि हवी तिथे. मोठी खिडकी दिसली की मागे मोठी खोली समजायची. मुख्य खोली म्हणजे पहिल्या मजल्यावरचा स्टुडिओ, आणि घराचा सारा आकार त्याच्या मापाने ठरलेला.

वेबला गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन चर्चच्या वळणाच्या, शैलीचा म्हणायची पद्धत आहे, कारण तो स्ट्रीट या गॉथिकच्या मोठ्या रचनाकाराच्या हाताखाली तयार झाला. मला हा शिक्का अपुरा वाटतो. गॉथिकमधून त्याने उचललं ते नियोजनाचं स्वातंत्र्य. नक्षी, टोकदार कळस, कोरीव पानं त्याने जवळजवळ सोडून दिली. उरलं ते विटकाम. विटेची भिंत चांगली दिसण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. वीट एकसारखी भाजलेली हवी, चुन्याचे सांधे बारीक हवेत, विटांमधल्या दरजा नीट भरलेल्या हव्यात आणि खिडकीवरची कमान भार खरोखर पेलणारी हवी. वेब गवंड्याच्या कामाचे बारकावे स्वतः आखून देत असे आणि साइटवर जाऊन तपासत असे. एका वेळी थोडीच कामं हाती घेण्याची त्याची सवय यातूनच आली. मानसन्मानांपासून तो जन्मभर दूर राहिला.

या पद्धतीचा मोठा फायदा पुढे दिसला. १८७६ च्या अखेरीस प्रिन्सेप भारतात आला. १ जानेवारी १८७७ चा दिल्ली दरबार रंगवून महाराणीला भेट द्यायचा होता आणि ते काम त्याला मिळालं होतं. त्या दरबाराला तेव्हा किशोरवयातले सयाजीराव गायकवाड होते, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे होते. संस्थानिकांची एकेकट्याची चित्रं काढत प्रिन्सेप भारतभर हिंडला. त्यातून झालेलं भव्य चित्र सुमारे सात मीटर लांब आहे आणि १८८० मध्ये रॉयल अकादमीत मांडलं गेलं. १८८४ मध्ये त्याने फ्लोरेन्स लेलंडशी लग्न केलं. तिचे वडील जहाजमालक आणि व्हिस्लरने रंगवलेल्या प्रसिद्ध मयूरदालनाचे मालक. मुलं झाली, एकट्या चित्रकाराचं घर कुटुंबाचं झालं. वेबने नंतर त्यात भर घातली, आणि ती ठिगळासारखी वाटत नाही. समतोल नसलेल्या घराला आणखी एक माथा, आणखी एक खोली जोडली तर काही बिघडत नाही. मुळात समतोल असलेल्या घराचं तसं नसतं.

एचिसनचं घर: बाहेर शांत, आत गहन

लेटनच्या घरासाठी सफोकची लाल वीट आणली आणि खिडक्या-दारांच्या कडांना, पट्ट्यांना कॉंचा फिका दगड वापरला. फ्रान्समधल्या कॉं इथून येणारा हा मऊ, कोरायला सोपा दगड. रस्त्याकडची बाजू सपाट, मोजकी, अभिजात इटालियन वळणाची. सुरुवातीला हे घर लहानच होतं. पुढून पाहिलं तर नीटनेटक्या चौकोनी पेटीपलीकडे फारसं काही कळत नाही, आणि कळू नये हीच योजना आहे.

आत शिरल्यावर घर स्टुडिओभोवती रचलेलं आहे हे लगेच ध्यानात येतं. स्टुडिओ इथेही पहिल्या मजल्यावर, मागच्या बागेकडे, उत्तरेला तोंड करून. उत्तर का? लंडनच्या अक्षांशावर त्या बाजूने थेट ऊन जवळपास येत नाही, येतो तो आकाशाचा पसरलेला उजेड. दिवसभरात त्याची दिशा फारशी बदलत नाही, त्यामुळे सकाळी रंगवलेली सावली दुपारी खोटी ठरत नाही. खिडकी मोठी आणि उंच, वर छपरात शिरणारी. स्टुडिओच्या एका टोकाच्या भिंतीत उंच, अरुंद खाच आहे. एवढे मोठे कॅनव्हास जिन्यावरून उतरवणं अशक्य, म्हणून ते या फटीतून उभे बाहेर सरकवायचे. मॉडेल म्हणून येणाऱ्यांसाठी वेगळं दार आणि वेगळा जिना. पाहुण्यांशी त्यांची गाठ पडू नये, ही त्या काळाची सामाजिक शिस्त या नकाशात शब्दशः बांधलेली दिसते. मला हा जिना घराच्या साऱ्या झगमगाटापेक्षा अधिक बोलका वाटतो. चित्रात ज्या स्त्रियांना देवता केलं जाई, त्या घरात मागच्या दाराने येत.

आणि झोपायची खोली एकच. लेटन एकटा राहत असे. संगीताच्या मैफलींना शे-दीडशे माणसं सहज सामावतील असं हे घर, पण रात्री कुणाला मुक्कामाला ठेवता येणार नाही. व्हायोलिनवादक योआखिम तिथे वाजवून गेला. ती झोपायची खोली इतर दालनांच्या मानाने अगदी साधी आहे.

आता अरब हॉल. १८७७ मध्ये सुरू झालेलं हे काम १८८१ च्या सुमारास पुरं झालं. लेटनने पूर्वेकडच्या प्रवासांत दमास्कसच्या फरशा जमवल्या होत्या, शिवाय प्रवासी-लेखक रिचर्ड बर्टन आणि कलावस्तूंचे जाणकार कॅस्पर पर्डन क्लार्क यांच्या मदतीनेही मिळवल्या होत्या. बहुतेक सोळाव्या-सतराव्या शतकातल्या. त्या मांडायच्या कुठे, या प्रश्नातून सिसिलीतल्या पालेर्मोच्या झीसा राजवाड्यातल्या दालनावर बेतलेला हा घुमटाकार कक्ष जन्मला. जिन्याच्या दालनातून आत येताना भिंतीवर कुंभारकलेतल्या विल्यम डी मॉर्गनच्या मोरपंखी निळ्या फरशा लागतात, उजेड कमी होत जातो, छत जवळ येतं. मग एकदम छत उंच जातं, वर सोनेरी घुमट, खाली काळ्या संगमरवराचं कुंड आणि त्यात एकच बारीक कारंजं. भोवती चित्रकार वॉल्टर क्रेनची सोनेरी मोझॅइकची पट्टी. दारावर कुराणातल्या वचनांची फरशी. फुटलेल्या आणि कमी पडलेल्या फरशांच्या जागा डी मॉर्गनने आपल्या फरशांनी भरल्या, आणि पहिल्या नजरेत त्या ओळखू येत नाहीत.

या दालनाबद्दल लिहिताना बहुतेक जण फरशांपाशी थांबतात. मी घराबाहेर जाऊन त्याच दालनाची पाठ पाहायला सांगेन. तिथे घुमट आहे, पण खाली भिंत लाल विटेचीच आहे. एवढा परका, एवढा महागडा कक्ष जोडताना एचिसनने बाहेरून घराची कातडी बदलली नाही. १८६९–७० मध्ये स्टुडिओ वाढला, १८८९–९० मध्ये हिवाळ्यातल्या धुक्यात काम करता यावं म्हणून लोखंडी खांबांवर काचेचा हिवाळी स्टुडिओ उभा राहिला, १८९५ मध्ये चित्रं मांडण्यासाठी रेशमी भिंतींचं दालन झालं. मूळची पेटी जवळजवळ ओळखू येईनाशी झाली, तरी घर एकच वाटतं. ते काम विटेने केलं. गोदामं बांधलेल्या माणसाला ही गोष्ट चांगली ठाऊक असावी की साधी भिंत कुठलाही मजकूर पोटात घेऊ शकते.

इथे वेबच्या घराची आठवण ठेवावी लागते. वेबची वीट आतला नकाशा सांगते, एचिसनची वीट तो झाकते. शेजारी वेबचं घर नसतं तर एचिसनच्या बाह्यभागाचा संयम हा निव्वळ कोरडेपणा वाटला असता. त्याच रस्त्यावर, त्याच वर्षी मुक्त रचनेचा मार्ग उपलब्ध होता आणि लेटन-एचिसन यांनी तो जाणून-बुजून घेतला नाही. उलट, लेटनचं घर पाहिल्यावर वेबच्या घरातली काटकसर किती ठाम होती ते कळतं. सजावटीचा मोह शेजारीच होता.

पुढे काय झालं

लेटन २५ जानेवारी १८९६ रोजी गेला. आदल्याच दिवशी त्याला लॉर्डपद मिळालं होतं. त्याचा संग्रह त्याच उन्हाळ्यात लिलावात विकला गेला. देलाक्रवा, कोरो या फ्रेंच चित्रकारांची चित्रं भिंतींवरून उतरली. घर मात्र विकत घ्यायला कुणी पुढे आलं नाही, कारण एक झोपायची खोली असलेलं, मधोमध कारंजं असलेलं घर कुठलं कुटुंब घेईल? हीच अडचण त्याला तारून गेली. कुणाला नको म्हणून ते मोडलं गेलं नाही, बदललं गेलं नाही आणि हळूहळू सार्वजनिक झालं. १९२९ मध्ये त्याला पेरिन दालन जोडलं गेलं, रचनाकार हॅल्सी रिकार्डो. हावडा स्थानकाची लाल विटेची इमारत ज्याने आखली तोच हा रिकार्डो, आणि डी मॉर्गनचा एकेकाळचा भागीदार. दुसऱ्या महायुद्धात घराला बॉम्बची झळ बसली. २००८ ते २०१० या काळात आतल्या दालनांची काळजीपूर्वक पुनर्स्थापना झाली. नंतरच्या मोठ्या कामानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा उघडलं. नव्या गोल जिन्याच्या भिंतीवर इराणी चित्रकार शहरजाद गफारी यांचं निळं भिंतीचित्र आहे.

प्रिन्सेप १९०४ मध्ये गेला. त्याचं घर राहण्याजोगं होतं, सोयीचं होतं, म्हणून ते वापरात राहिलं आणि विसाव्या शतकात ते वाटून त्याचे फ्लॅट केले गेले. चांगल्या नकाशाचं घर वाटून घेता येतं. स्टुडिओसाठी असलेली अखंड जागा तुकड्यांत गेली. भिंती, छपरं, माथे उरले आहेत, पण मुख्य खोली हरवली म्हणजे वेबच्या त्या घराचं कारणच हरवलं.

याला मी नुकसान म्हणेन, आणि दोन्ही घरांचं. लेटन हाउसमध्ये माहिती देणारे फलक भरपूर आहेत, अरब हॉलवर पुस्तकं आहेत. शेजारच्या घराचा उल्लेख लेटनच्या मित्रमंडळींच्या संदर्भात येतो, त्याच्या विटकामाच्या संदर्भात फारच कमी. तिथे जाणाऱ्याला माझी सूचना एवढीच: तिकीट काढण्याआधी रस्त्यावर दहा मिनिटं द्यावीत. प्रिन्सेपचं घर खाजगी आहे, आत जाता येत नाही, पण समोरच्या पदपथावरून त्याच्या खिडक्या मोजता येतात. कुठली मोठी, कुठली लहान, कुठली मधल्या मजल्याच्या रेषेपासून वर सरकलेली, हे पाहून मागच्या खोल्यांचा अंदाज बांधावा. मग लेटनच्या दर्शनी भिंतीसमोर उभं राहून तोच प्रयत्न करावा. तो तिथे साधत नाही, आणि त्यानंतरच आत जावं.